वाळलेले पॉलिश आणि मुरलेले पॉलिश

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या बाह्यरुग्ण विभागात पाय ठेवायला जागा नसते. ताप, खोकला, जुलाब, डेंग्यूची शंका, पावसाळ्यात जे जे व्हायचे ते सगळे एकदम येते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका सकाळी एक आई चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. मुलाच्या छातीत शिट्टी वाजत होती, डोळे लाल, रात्रभर खोकून दमलेला. द्रोणागिरीला नव्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन दहा दिवस झाले होते. "डॉक्टर, घरात सगळं कोरं करकरीत आहे, धूळसुद्धा नाही. मग याला एवढा त्रास कशाचा?" तिचा प्रश्न रास्त होता.

त्याच आठवड्यात दुसरा रुग्ण आला. वय पस्तीसच्या आसपास, मूळचा परभणीकडचा, गेली आठ-नऊ वर्षे फर्निचरला स्प्रेने पॉलिश मारण्याचे काम. तीन महिने रात्री दम लागत होता. दोनदा थुंकीची तपासणी झाली होती, टीबी निघाला नव्हता. खोकल्याची औषधे पिऊन तो कंटाळला होता. मी त्याला एकच प्रश्न विचारला, "गावाला जाता तेव्हा कसं असतं?" तो म्हणाला, "साहेब, गावाला गेलो की चार दिवसांत दम कुठं जातो कळत नाही. इकडं कामावर आलो की पुन्हा सुरू."

दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दोघांच्या त्रासाच्या मुळाशी मात्र एकच गोष्ट असावी, असे मला तेव्हा वाटले: भर पावसाळ्यात, बंद खोलीत, लाकडावर फवारलेले पॉलिश. त्या निमित्ताने मी या विषयात थोडे खोल गेलो. पॉलिश कसे वाळते हा सुताराचा किंवा रंगाऱ्याचा विषय आहे असे आपण समजतो. पण ते कोणत्या हवेत वाळते यावर आपल्या छातीत काय जाणार हे बरेचसे ठरते, म्हणून तो डॉक्टरचाही विषय आहे.

मिठाच्या बरणीतला हवामान खात्याचा माणूस

द्रोणागिरी हा सिडकोने उरण तालुक्यात वसवलेला नवी मुंबईचा भाग. शेजारी जवाहरलाल नेहरू बंदर, भोवती खाडी, खारफुटी, मिठागरे आणि पलीकडे करंजाचा समुद्र. १२ जानेवारी २०२४ रोजी लोकल उरणपर्यंत गेली, त्याच दिवशी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूही खुला झाला, आणि इथल्या इमारतींमध्ये नव्याने राहायला येणाऱ्यांचा ओघ वाढला. नवा फ्लॅट म्हटला की फर्निचर आले. आपल्याकडे ते बहुतेक वेळा घरातच बनते. सुतार हॉलमध्ये प्लायवूड कापतो, बेडरूममध्ये कपाट उभे करतो आणि शेवटी पॉलिशवाला कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन घेऊन येतो. मुहूर्त ठरलेला असतो, गणपतीचा नाहीतर दसऱ्याचा. म्हणजे फवारणीचे काम नेमके जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये येते.

मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातो. या चार महिन्यांत किनाऱ्यालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८५ ते ९० टक्के असते. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते, तिच्या किती टक्के वाफ तिने आधीच धरली आहे ते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा साधारण ३० ग्रॅम वाफ धरू शकते. आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्यातली सुमारे २६ ग्रॅम जागा भरलेलीच असते. उरते ती चार ग्रॅमची.

हे मोजायला यंत्रच हवे असे नाही. पापड सादळतात, माचिस पेटत नाही, मिठाच्या बरणीला पाणी सुटते. शुद्ध मीठ आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून विरघळू लागते आणि भरड मीठ तर त्याच्याही आधी पाझरते. उरणच्या मिठागरांत पावसाळ्यात मीठ का पिकत नाही, हे इथल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. ज्या दिवशी स्वयंपाकघरातले मीठ पाझरते आहे, तो दिवस पॉलिश फवारण्याचा नाही, एवढी साधी खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ.

वाळणे वेगळे, मुरणे वेगळे

कैरीच्या फोडींना मीठ-मसाला लावला की लोणचे दिसायला लगेच तयार होते. पण ते मुरायला दिवस लागतात. पॉलिशचेही तसेच आहे. बोट लावले आणि चिकटले नाही की आपण म्हणतो, वाळले. आत मात्र काम चालू असते. त्याला मी इथे मुरणे म्हणतो.

लाकडावर फवारायच्या पॉलिशचे ढोबळमानाने तीन प्रकार आपल्या घरांत येतात. पहिला प्रकार लॅकर आणि स्पिरिट पॉलिशचा. यात राळेसारखा पदार्थ थिनरमध्ये किंवा स्पिरिटमध्ये विरघळलेला असतो. द्रावक उडून जातो, पदार्थ थर होऊन मागे राहतो. रासायनिक बदल असा काही होत नाही. जुन्या काळचे लाखेचे पॉलिश याच जातीचे.

दुसरा प्रकार मेलामाइन. यात थिनर उडतोच, शिवाय आम्लाच्या मदतीने राळेचे रेणू एकमेकांत गुंतून कडक जाळे तयार होते. या क्रियेत थोडे फॉर्मल्डिहाइड बाहेर पडते. डोळे चुरचुरण्याचे ते एक नेहमीचे कारण.

तिसरा प्रकार पॉलियुरेथेन, म्हणजे सगळे ज्याला पीयू म्हणतात तो. याचे दोन डबे येतात. एकात राळ, दुसऱ्यात हार्डनर. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. दोन्ही मिसळले की घड्याळ सुरू होते आणि काही तासांत ते मिश्रण वापरावेच लागते. लाकडावर बसल्यावर पुढचे अनेक दिवस ही क्रिया चालते. २५ अंशांच्या आसपास, कोरड्या हवेत, पीयूचा थर तासाभरात बोटाला लागेनासा होतो, एका दिवसात कडक वाटतो, आणि पुरता मुरायला साधारण आठवडा घेतो.

तापमान कमी झाले की मुरणे लांबते. रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी वाढले की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, दहा अंशांनी घटले की निम्मा. म्हणून पॉलिशवाला गेल्यावर "खोली थंड ठेवू, लवकर सुकेल" म्हणून रात्रभर एसी १८ वर लावणारे मुरण्याचा काळ वाढवत असतात. शिवाय घरातला स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. थिनरची वाफ खोलीतच घुमत राहते.

मे महिन्यातल्या उन्हात उलटा त्रास होतो. थेंब गनमधून निघून लाकडापर्यंत पोहोचेपर्यंत अर्धे वाळतात, थर खरखरीत बसतो. वरची साय झटकन धरते आणि आतला थिनर तिच्याखाली अडकतो. असा अडकलेला थिनर पुढे कितीतरी दिवस हळूहळू झिरपत राहतो. नव्या कपाटाचे दार उघडल्यावर नाकात घुसणारा वास पुष्कळदा त्याचाच असतो.

पांढरे का पडते?

फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम येतो. बाटलीजवळची हवा थंड होते, तिला तिच्यातली वाफ पेलवत नाही आणि पाणी सुटते. ज्या तापमानाला हे घडते त्याला दवबिंदू म्हणतात. हवा ३० अंश आणि आर्द्रता ४० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे १५ अंशांवर असतो. पाणी सुटायला पृष्ठभाग १५ अंशांनी थंड व्हावा लागतो. पण त्याच ३० अंशांना आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २७ अंशांवर येऊन बसतो. केवळ तीन अंशांचा फरक.

आता हातावर स्पिरिट लावल्यावर कसे गार वाटते ते आठवा. थिनर उडतानाही लाकडाचा पृष्ठभाग असाच गार होतो. कोरड्या हवेत त्याने काही बिघडत नाही. द्रोणागिरीच्या ऑगस्टमध्ये मात्र पृष्ठभाग पाहता पाहता दवबिंदूखाली जातो, ओल्या थरावर डोळ्यांना न दिसणारे पाणी सुटते आणि राळ त्या पाण्याने फुटते, दूध नासावे तशी. सकाळी पाहावे तर सागवानी रंगाच्या दारावर पांढरट धुके पसरलेले. घरमालक पॉलिशवाल्याला बोलतो, पॉलिशवाला थिनरला बोलतो, दुकानदार पावसाला बोलतो. दोष खरे तर कामाच्या वेळेचा असतो.

यावर पॉलिशवाल्यांकडे एक उपाय असतो. ते सावकाश उडणारा थिनर मिसळतात. तो हळू उडतो, म्हणून पृष्ठभाग तेवढा गार होत नाही आणि पांढरेपणा टळतो. दार छान दिसते. पण सावकाश उडणारा म्हणजे घरात जास्त दिवस राहणारा. पॉलिशचा रोग बरा झाला, त्याची किंमत घरात राहायला येणाऱ्यांनी मोजली, असे यात होऊ शकते. वर पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद. म्हणजे पावसाळ्यात द्रावक सोडण्याचा काळ लांबतो आणि त्याच वेळी घराची हवा बदलणेही थांबते. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत काळजीची वाटणारी गोष्ट हीच आहे.

शिवाय लाकूड स्वतः पाणी पिते. ६५ टक्के आर्द्रतेत लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी असते. ८५ टक्क्यांत ते १७-१८ टक्क्यांवर जाते. पावसाळ्यात दारे-खिडक्या फुगून अडकतात त्या यामुळेच. अशा फुगलेल्या लाकडावर मारलेले पॉलिश डिसेंबरमध्ये लाकूड आकसले की सांध्यांवर तडकते. मग पुन्हा घासणे, पुन्हा फवारणे, पुन्हा तोच वास.

पीयू आणि पाणी

पीयूची गोष्ट थोडी वेगळी आणि अधिक गंभीर. आयसोसायनेटला पाण्याचे फार वेड. राळेशी जुळण्याऐवजी ते हवेतल्या आणि लाकडातल्या पाण्याशी जुळते. या क्रियेत कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो आणि थरात बारीक बुडबुडे, खड्डे पडतात. पाण्याचा एक रेणू आयसोसायनेटचे दोन गट खाऊन टाकतो. म्हणजे थोडेसे पाणीही हार्डनरचा हिशेब पुरता बिघडवते. थर मऊ राहतो, चमक उतरते, नख लावले तर ओरखडा उठतो. मग कारागीर अंदाजाने हार्डनर वाढवतो, आणि हवेत जाणारे आयसोसायनेटही वाढते.

आयसोसायनेट हे नाव ऐकून काही वाचकांना भोपाळ आठवेल. २-३ डिसेंबर १९८४च्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले होते आणि पुढचे सगळे त्या क्रियेतून घडले. पीयूच्या हार्डनरमधली रसायने त्याच कुळातली असली तरी तशी नाहीत. मिथाइल आयसोसायनेट ३९ अंशांना उकळते, हार्डनरमधली त्यामानाने फारच कमी उडतात. तेव्हा घरात भोपाळ होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. पण स्प्रे गन त्यांचे बारीक तुषार करते, आणि तुषार उडावे लागत नाहीत, ते श्वासाबरोबर सरळ आत जातात. ब्रशने लावण्यात आणि फवारण्यात डॉक्टरच्या दृष्टीने हाच मोठा फरक आहे.

एक दिलासाही द्यायला हवा. पुरते मुरलेले पीयू निरुपद्रवी म्हणावे असे असते. आपल्या गाद्या, सोफ्याचा फोम, बुटांचे तळवे पॉलियुरेथेनचेच असतात. आयसोसायनेट एकदा जाळ्यात बांधले गेले की ते मोकळे राहत नाही. धोका आहे तो फवारताना, मुरण्याच्या काळात, आणि न मुरलेला थर पॉलिश पेपरने घासताना.

ओलाव्यातच मुरणारे पॉलिश

दमट हवा सगळ्याच पॉलिशची वैरी असते असे मात्र नाही. जपानमध्ये उरुशी नावाचे लाखेसारखे दिसणारे पॉलिश एका झाडाच्या चिकापासून करतात. वाट्या, पेट्या, तलवारींच्या म्यानांवर त्याचे थरावर थर चढवतात. हे पॉलिश कोरड्या हवेत वाळतच नाही. कारागीर ते मुद्दाम ओलसर ठेवलेल्या कपाटात, २० ते ३० अंश तापमानाला आणि ७० ते ८५ टक्के आर्द्रतेत ठेवतात. त्या चिकात एक विकर असते, ते ओलाव्यात हवेतला प्राणवायू वापरून थर घट्ट करते. हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८३मध्ये त्याचे वर्णन केले, आणि पुढे त्याला लॅकेस असे नाव पडले. आपला ऑगस्ट उरुशीला मानवला असता.

ते झाड आपल्या बिब्ब्याच्या आणि काजूच्या कुळातले. बिब्बा उतला की कातडीवर कसे फोड येतात, आणि काजू फोडणाऱ्या बायकांचे हात टरफलातल्या तेलाने कसे सोलवटतात, हे कोकणात सांगायला नको. उरुशीच्या शिकाऊ कारागिरांनाही असेच पुरळ उठते. चिक मुरला की मात्र त्याच वाटीतून सूप पितात. पदार्थ तोच. कच्चा असताना बाधतो, मुरल्यावर बाधत नाही.

छातीत काय होते

पॉलिशच्या वासाने होणारा त्रास तीन जातींचा असतो आणि तिन्ही वेगळे ओळखायला हवेत.

पहिला थिनरचा. टोल्युइन, झायलिन यांसारखे द्रावक डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, गुंगी आणतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली जमिनीलगत साचते. जमिनीवर गादी टाकून झोपणाऱ्याला आणि रांगणाऱ्या बाळाला ती जास्त मिळते. ही वाफ पेट घेते हेही विसरू नये. स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असताना शेजारच्या खोलीत फवारणी चालू असणे म्हणजे अपघाताला बोलावणे आहे.

दुसरा फॉर्मल्डिहाइडचा. मेलामाइनमधून आणि प्लायवूड, एमडीएफच्या गोंदातून ते येते. डोळे, नाक, घसा चुरचुरतो, ज्यांना आधीच दमा आहे त्यांचा दमा उफाळू शकतो. दीर्घकाळ आणि जास्त प्रमाणात संपर्क आल्यास ते कर्करोगकारक ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नमूद केले आहे. घरातल्या हवेत अर्ध्या तासाच्या सरासरीने ते घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे संघटनेचे मार्गदर्शन आहे. लाकडाच्या तक्त्यांमधून निघणारे फॉर्मल्डिहाइड उष्णता आणि ओलावा या दोन्हींनी वाढते. आमच्या किनाऱ्यावर दोन्ही भरपूर.

तिसरा आयसोसायनेटचा, आणि हा मुख्यतः कारागिराचा आजार. आयसोसायनेट हे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांपैकी एक म्हणून जगभर ओळखले जाते. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे काही होत नाही. मग एक दिवस शरीर त्याला शत्रू मानू लागते. त्यानंतर अगदी नगण्य मात्राही पुरते. दम पुष्कळदा काम संपल्यावर चार-आठ तासांनी, म्हणजे रात्री लागतो, त्यामुळे माणसाला कामाशी संबंध लागत नाही. त्यातही घात असा की आयसोसायनेटचा वास येऊ लागेपर्यंत हवेतली पातळी सुरक्षित मर्यादेच्या वर गेलेली असते. नाक इथे कामाला येत नाही.

माझ्या त्या रुग्णाला आम्ही फुंकर मोजायचे छोटे यंत्र दिले, पीक फ्लो मीटर. दिवसातून चार वेळा फुंकायचे आणि आकडा वहीत लिहायचा. दोन आठवडे कामावर असताना, दोन आठवडे गावाला. वही परत आली तेव्हा निदान करायला फारसे डोके लावावे लागले नाही. कामाच्या दिवसांत आकडे दरीसारखे खाली, गावाला सरळ रेषेत वर. तो तोंडाला रुमाल बांधून काम करायचा आणि संध्याकाळी हात थिनरने धुवायचा. रुमालातून तुषारही जातात आणि वाफही जाते. एन-९५ मास्क काही तुषार अडवतो, वाफ अडवत नाही. आणि थिनरने धुतलेल्या कातडीतून रसायने आत शिरायला वाट सोपी होते.

युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३पासून अशी रसायने ०.१ टक्क्याहून अधिक असलेला माल व्यवसायात वापरण्याआधी कारागिराला प्रशिक्षण घेणे सक्तीचे झाले आहे. आपल्याकडेही १९४८च्या कारखाने कायद्यातील सूचनापात्र आजारांच्या यादीत आयसोसायनेटच्या बाधेला जागा मिळालेली होती. पण द्रोणागिरीतल्या तिसऱ्या मजल्यावरची बेडरूम हा कारखाना नाही. तिथे फवारणारा माणूस कुठल्याच वहीत नसतो. त्याची काळजी घ्यायची तर ती त्याला काम देणाऱ्यानेच, म्हणजे तुम्ही-आम्हीच घ्यायला हवी.

काय करावे

शक्य असेल तर फवारणीचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. मुहूर्त पावसाळ्यातलाच असेल तर दारे, कपाटांचे पल्ले कारखान्यात फवारून, मुरवून आणता येतात. घरात फक्त जोडणी करावी.

पावसाळ्यात घरीच करायचे असेल तर आर्द्रता मोजणारे छोटे डिजिटल यंत्र आणा, ते काही शे रुपयांत मिळते. आकडा ८०च्या वर असेल त्या दिवशी फवारणी टाळावी. औद्योगिक रंगकामात वापरला जाणारा एक दंडक उपयोगी आहे: पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त हवे. पाऊस उघडलेला असताना, दुपारी काम करावे. पहाटे आणि रात्री नको.

पॉलिशवाल्याला हार्डनरचे प्रमाण मापाने घालायला सांगा, अंदाजाने नाही. डब्यावर लिहिलेले प्रमाण, थिनर आणि दोन थरांमधला वेळ पाळायला लावा. "उद्या पूजा आहे, आज दोन हात जास्त मारा" असे कृपा करून म्हणू नका.

खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवा. पाऊस आत येत असेल तर खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेने लावा, म्हणजे आतली हवा बाहेर फेकली जाईल. कपाटांची दारे आणि खण उघडे ठेवा, कारण आतल्या बाजूचा वास सगळ्यात उशिरा जातो. अगरबत्ती, कापूर, सुगंधी फवारा यांनी वास झाकला जातो, वाफ तशीच राहते. लवकर वाळावे म्हणून हॅलोजनचे दिवे किंवा हीटर जवळ लावू नका. आगीचा धोका असतो.

शेवटच्या थरानंतर कोरड्या हवेत किमान आठ दिवस आणि पावसाळ्यात किमान पंधरा दिवस त्या घरात झोपू नये, असा माझा सल्ला आहे. लहान मुले, गरोदर स्त्रिया, दमेकरी आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी वास पूर्ण गेल्यावरही आणखी काही दिवस थांबावे. नवीन घरात गेल्यावर डोळे चुरचुरणे, कोरडा खोकला, छातीत शिट्टी असे सुरू झाले आणि बाहेर गेल्यावर कमी झाले, तर डॉक्टरांना घरातल्या पॉलिशबद्दल आवर्जून सांगा. आम्ही विचारायला विसरतो.

कारागिरासाठी: सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या डबीचा आणि वर तुषार अडवणाऱ्या गाळणीचा मास्क हवा, डब्या वेळेवर बदलायला हव्यात. पीयू फवारणाऱ्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क उत्तम. हातमोजे, चष्मा आणि थिनरऐवजी साबण. त्याचा खर्च हजारोंच्या फर्निचरमध्ये फार नसतो. कामाचे दर ठरवतानाच तो धरावा.

त्या लहान मुलाला आईने दोन आठवडे पेणला आजीकडे ठेवले, इकडे घराच्या खिडक्या दिवसभर उघड्या. त्याचा खोकला थांबला. त्याला पावसाळ्यातला विषाणूचा संसर्गही झालेला असू शकतो. पॉलिशमुळेच झाले असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण गणपती त्यांनी त्या वर्षी आजीकडेच बसवला, आणि परत आल्यावर मूल बरे राहिले.

परभणीच्या त्या कारागिराचे मात्र तेवढ्यावर भागणारे नव्हते. आयसोसायनेटचा दमा एकदा जडला की स्प्रे गन सोडणे हाच खरा उपचार. जितक्या लवकर सोडावी तितकी फुप्फुसे पूर्ववत होण्याची शक्यता जास्त. हे सांगताना मला जड गेले, कारण घरी चार खाणारी तोंडे होती. आता तो दारे, बिजागऱ्या बसवण्याचे काम करतो. मजुरी कमी मिळते. इन्हेलर अजून चालू आहे, पण रात्री झोप लागते. मागच्या भेटीत तो म्हणाला, "साहेब, पॉलिश मारलेल्या घरात गेलो की आधी खिडक्या उघडतो. शेठ ओरडतात, पाऊस आत येतो म्हणून. मी म्हणतो, येऊ द्या."